पाचवा मुक्काम

जेवणाचं टेबल शनिवारी डोरीन घेऊन गेली,
म्हणून नकाशा आता जमिनीवर.
ओहायो माझ्या गुडघ्याखाली,
आणि वॉशिंग्टन राज्य पार तिकडे, हीटरपाशी,
त्याची कड सारखी वळते
म्हणून हेरंबनं तिच्यावर मिक्सरचं भांडं ठेवलंय.

डेटन ते स्पोकेन, एकवीसशे मैल आणि वर काही.
तो पेन्सिलनं मुक्काम मांडतो:
डॅव्हनपोर्ट. चेंबरलेन. जिलेट. ब्यूट.
चार रात्री, पाचव्या दिवशी किल्ली.
असं म्हणतो, जणू किल्लीच
दारात उभी आहे आमची वाट बघत.

"सकाळी सूर्य पाठीशी, तोवर मी चालवीन.
दुपारनंतर तो डोळ्यांत येतो, तेव्हा तू.
तुझा गॉगल चांगला आहे."
बावीस वर्षांचा संसार,
आणि वाटणी ही अशी.

त्याची यादी लांबलचक. टायर, ब्रेक, ऑइल,
मोंटानात बर्फ लागलाच तर साखळ्या.
माझ्या यादीतलं बरंच आधीच खोडून झालंय.
शेगडीमागच्या भिंतीवर हळदीचा डाग होता,
घर विकून देणारी बाई म्हणाली, रंग मारा.
मारला. तीन हात.
संध्याकाळी दिवा लावायच्या आधी
तो अजून दिसतो, पण मलाच.

उरलं विरजण.

"स्पोकेनला दही मिळतं की," हेरंब म्हणाला.
मिळतं. मलाही ठाऊक आहे.
पण हे एकोणीस वर्षं चालत आलंय,
कालच्या चमच्यावर आजचं.
आम्ही इथे नवे होतो तेव्हा कुमुद सबनीसांनी दिलेलं,
स्टीलच्या डबीत, वर रबरबँड लावून.
डबी परत करायची राहिली,
आणि मग त्या राहिल्या नाहीत.

तर माझा बेत असा:
रोज संध्याकाळी पंपावरून अर्धा लिटर दूध,
मोटेलच्या मायक्रोवेव्हमध्ये कोमट करायचं,
टॉवेलात गुंडाळून रात्रभर टीव्हीच्या मागे.
आयोवाचं दूध, मग डकोटाचं, मग वायोमिंगचं.
सकाळी एकमेकांच्या हातावर दही घालून निघायचं,
तळाचा चमचाभर डबीत.

"म्हणजे इथलं धरून पाच वेळा?" तो हसला.
"प्रवासाला एकदाच घालतात."

एवढ्या लांब एकदाचं घातलेलं पुरतं
हे कुणी बघितलंय?

मग तो म्हणाला, वाटेत तीनदा घड्याळ मागे करायचं,
तीन तास फुकट मिळतात आपल्याला.
मी काही बोलले नाही.
शुक्रवारी शाळेच्या लायब्ररीत मी माझं कार्ड परत केलं,
त्यांनी ते एका डब्यात टाकलं,
डब्यात आणखी पुष्कळ कार्डं होती.

"ब्यूटला थंडी असते," मी म्हणाले.
"असेल."
"थंडीत दही एका रात्रीत लागत नाही."

त्यानं माझ्याकडे बघितलं.
खोल्यांना हीटर असतो, हे त्याला माहीत आहे.
टीव्हीची मागची बाजू गरम असते, हे तर आत्ताच मी सांगितलेलं.
नोकरी सोमवारी सुरू, पाण्याच्या कारखान्यात,
पहिल्याच दिवशी उशीर नको, हे त्यानं मला
महिनाभर किमान दहा वेळा ऐकवलंय.

तो वाकला. खोडरबर घेतला.
डॅव्हनपोर्ट खोडून पहिला मुक्काम पुढे ढकलला,
चेंबरलेन गाळलंच, मिसुरी नदी दुपारीच ओलांडायची,
गाडी रोज दोन तास जास्त हाकायची,
आणि ब्यूटपुढे बारीक अक्षरात लिहिलं: दोन रात्री.
रबराचा चुरा मोंटानावर पडला होता,
त्यानं फुंकर मारली,
तो उडून आयडाहोत गेला.

"पण दोन रात्री तिथे करायचं काय?"

एवढा विचार मी केला नव्हता.
दूध कुठे मिळतं ते बघू, मी म्हणाले,
आणि मिक्सरचं भांडं उचललं.
स्पोकेन पुन्हा गुंडाळलं गेलं.