पाण्याच्या वेळा

विजयनगरच्या सहाव्या मजल्यावर
एसीच्या झोताखाली स्वेटर घालून
मी नॉर्थम्बरलंडच्या किनाऱ्यावरची घरं भाड्याने देते.
कुठल्या घराची किल्ली कुठल्या कुंडीखाली, मला पाठ.
क्रास्टरला धुरावलेले मासे बंदराच्या कुठल्या अंगाला,
बॅम्बराच्या किल्ल्याखाली गाडी कुठे लावायची,
एटल गावातली गवती छपरं
कोणत्या वळणानंतर एकदम समोर येतात,
सगळं पाठ.
समुद्र तेवढा पाहिलेला नाही.

"जवळच राहतेस का गं, पोरी?" विचारतात तिथल्या म्हाताऱ्या.
"हो, अगदी जवळ."
खोटं बोलायचं ट्रेनिंग दोन दिवसांचं होतं.
मला अर्धा दिवस पुरला.

होली आयलंडचा रस्ता
समुद्र दिवसातून दोनदा गिळतो, दोनदा परत देतो.
त्याचा तक्ता माझ्या स्क्रीनच्या कडेला चिकटवलेला.
इतक्या वाजेपर्यंत निघा, नंतर नको.
बाबा म्हणाले, यात नवीन ते काय?
चौतीस वर्षं त्यांनी रामबागेत वॉल्व फिरवला.
एक दिवसाआड, पहाटे पावणेपाच ते साडेपाच,
नर्मदा जलूदहून डोंगर चढून
धापा टाकत आमच्या गल्लीत पोचायची
आणि बादल्यांच्या रांगेतून हाक यायची,
"पारखेभिया, आज किती वेळ?"
पाण्याच्या वेळा सांगणं हा आमचा घरचाच धंदा.

पहाटे चारला ते स्कूटर घेऊन खाली उभे.
मफलर, कानटोपी, आणि एकच प्रश्न: "आज कुठे होतीस?"
"वार्कवर्थला. नदी गावाला तीन बाजूंनी वेढून जाते."
घरी येऊन ते शाळेच्या नकाशात पेन्सिलीने ठिपका देतात.
गाव नकाशात नसतंच बहुतेक.
ठिपका अंदाजाने, कधीकधी थेट पाण्यात.

जूनमधली ती रात्र. इथे दोन वाजलेले,
तिथे अजून उजेड होता म्हणे.
डॉड्स, वय एकोणऐंशी.
बुकिंग दोघांचं, आलेला एकटा.
तक्ता वाचायचा राहिला.
गाडी रस्त्यावर, पाणी दारापर्यंत,
आणि हा खांबांवरच्या लाकडी खोपटात चढून बसलेला.
बोट निघाली होती. तोवर फोन ठेवू नकोस, म्हणाला.

सात मिनिटांच्या वर कॉल गेला की आमचे पैसे कापतात.
टीम लीडर सुमेधने काचेपलीकडून घड्याळ दाखवलं.
मी खुर्ची फिरवून घेतली.

काय बोलणार?
मी बाबांचं सांगितलं.
वॉल्व एकदम उघडायचा नसतो, पाइप फुटतो.
पाण्याला येऊ द्यायचं, जाऊ द्यायचं,
आपण चावी धरून उभं राहायचं.
म्हणजे तू इथली नाहीस तर, तो म्हणाला.
नाही, म्हटलं. इंदूरची.
तिथे समुद्र आहे?
एक दिवसाआड, मी म्हटलं,
आणि तो हसला. खोकत, पण हसला.

मग म्हणाला, ऐक.
त्याने फोन खिडकीबाहेर धरला असावा.
मला आधी वाटलं लाइन गेली.
नुसतं फुसफुसणं, थांबणं, पुन्हा फुसफुसणं.
मग ओळखीचं वाटलं:
पाणी यायच्या जरा आधी
आमच्या मोरीतला नळ अस्साच श्वास सोडतो,
आणि अंधारातच
आई कळशी सरकवते त्याच्याखाली.

बोट आली. त्याने आभार मानले,
आणि बायकोचं नाव सांगितलं, मी विचारलं नसताना.

खाली स्कूटर उभी.
पोह्यांचं पातेलं नुकतंच वाफेवर चढलेलं,
गाडीवाला शेव निवडत होता.
"आज कुठे होतीस?"
मी सांगितलं. ते ऐकत राहिले,
किक मारायची विसरून.
"किती वेळ होतं पाणी?"
"माझ्या कानाशी बावन्न मिनिटं."
"हं," बाबा म्हणाले,
"आपल्याकडे पंचेचाळीसच यायचं."