पार्श्वभूमी वजा करताना

लाकडाच्या गिरणीपासून दहा मीटर : चौसष्ट.
वीस मीटर : अठ्ठावन्न.
अंतर दुप्पट करा, सहा वजा करा.
एवढं सरळ जगात फार थोडं असतं,
म्हणून हे काम मला आवडतं.

तिपाईवर मीटर, त्याला स्पंजाची काळी टोपी.
खाली यॉर्कशरचा चिखल, बूट सोडत नाही.
चाळीसला बावन्न. ऐंशीला शेहेचाळीस.
एकशेसाठवर एक मेंढी
मायक्रोफोनपाशी येऊन खोकली.
ते वाचन खोडलं,
शेऱ्यात लिहिलं : मेंढी.

तीनशेवीसला हिशेब म्हणतो चौतीस,
मीटर म्हणतो छत्तीस.
इथून पुढे गिरणी एकटी सापडत नाही.
ओढा आहे, दगडी कुंपणाच्या फटींत शिरलेला वारा आहे,
टेकडीपलीकडे मोटरवे,
कुणी न थांबता पीठ चाळत बसावं तसा.

साडेचारशे. मिस्टर थ्वेट यांची खिडकी.
तक्रार यांचीच; अकरा पत्रं, सगळी शाईच्या पेनानं.
चौतीस.

मग फोन करून दहा मिनिटं गिरणी बंद ठेवायला लावली.
पार्श्वभूमी एकटीच मोजावी लागते.
एकतीस.

आमच्या गणितात एकतीस आणि एकतीस मिळून
चौतीस होतात.
बरोबरीचे दोघे एकत्र आले की वाढतात फक्त तीन.
(लग्नाआधी हे कुणीतरी सांगायला हवं होतं.)

म्हणजे इथं गिरणी
बाकीच्या सगळ्याइतकीच, ना कमी ना जास्त.
हे त्यांना कसं सांगावं, याची जुळवाजुळव करत होते,
तर ते काचेला कान लावून उभे.
टेबलावर दोन कप, दोन्ही गार.
"मग, कधी बंद करताय?"

बंद आहे, मी म्हटलं.

"छे. ऐक की."

एकोणतीस वर्षं कापडगिरणीत, मागांच्या खोलीत काढलेला माणूस,
अजूनही बोलताना डोळ्यांकडे बघत नाही,
ओठांकडे बघतो.

मी ऐकलं.
ओढा. वारा. त्यांचा फ्रीज.
टेपचं टोक कुठं धरायचं
ते कळेना.

दहा मिनिटं संपली. खाली करवत पुन्हा सुरू झाली,
काटा सरकला, चौतीस.
थ्वेट खुर्चीत बसले, कप हातात घेतला.
"हां," म्हणाले, "आता जरा कमी झाला."

शेऱ्याच्या रकान्यात
मेंढीच्या खाली जागा होती अजून.