खडूची नाव

दुकानाच्या फरशीवर काढली:
बारा फूट लांब, मधे साडेचार.
ड्रिल मशीन कोपऱ्यात सरकवावं लागलं.
दस्तगीर म्हणाला, ‘मालक, वलांडू?’
‘वळसा घाल,’ म्हटलं.

इंजिनाचं ठरत नाही.
मालवणात एक जुनं आहे, टू-स्ट्रोक, आठ हॉर्सपॉवर,
घसा बसल्यागत बोलतं, तेल पितं.
नवं फोर-स्ट्रोक पाचचं: गप्प, महाग,
उघडलं तर वॉरंटी जाते.
उद्यमनगरात वीस वर्षं लोकांची इंजिनं उघडली मी,
आपलं म्हणून एक निवडायचं तर हात पुसत बसलोय.

काळम्मावाडीच्या पाण्यावरचे रावबा भोई
बघून मिशीत हसले.
‘घोडी मोजू नगंस, वजन मोज.
मागं जड झालं की नाक वर,
मग म्होरं दिसतंय ते निस्तं आभाळ.’

सत्तावीस किलो म्हणजे किती?
शाहूपुरीतनं गुळाचा रवा आणला, तीस किलोचा,
मागच्या फळीला, म्हणजे रेघेला, आतून टेकवला.
पुढं मी बसलो.
मधे, मासे पडायचे तिथं,
डबा घेऊन आलेली रत्नप्रभा.
‘चप्पल काढू?’ तिनं विचारलं.
आणि बराच वेळ
दोघंही हललो नाही.

सकाळी शटर उचललं तर मुंग्या.
खडूला बिचकत नावेभोवती फिरत होत्या.
फक्त डाव्या बाजूला, दस्तगीरच्या टाचेनं
रेघ पुसली होती बोटभर,
तिथनं रांग आत चाललेली.

वाकून बघत राहिलो.
नाव अजून व्हायची आहे,
गळती सापडली.