मागचं पान

डॉक्टर लेडरर सदरला दात काढायचे,
बाबा त्यांचे कंपाउंडर.
रेडक्रॉसची पंचवीस शब्दांची चिठ्ठी
एकेचाळीसच्या दिवाळीत आली, ती शेवटची.

मग कितीतरी वर्षांनी, एका दुपारी
डॉक्टर नावं सांगत गेले
आणि बाबांनी पेशंटांच्या वहीत, मागच्या पानावर,
ऐकू आली तशी देवनागरीत उतरवली :
फ्रीडा. ओटो. ओटोची बायको हेडविग.
मार्गिट, वय चार.
समोर फीचा रकाना. कोरा.

आता वही माझ्याकडे.
शनिवारी इंदोऱ्याच्या वाचनालयात
कूलरच्या घरघरीवर आवाज चढवून वाचते.
उच्चार चुकत असतील.
दुरुस्त करायला कोणी ठेवलं नाही.

"बाई, मंग थे पळून काऊन नाही आले?"
"तिकीट कितीचं होतं?"
मी फळ्यावर नकाशा काढते,
नागपूर दर वेळी जरा मोठंच होतं.

काल गजभियांची उत्पला वाचायला उठली,
पुढचे दोन दात पडलेली.
फ्रीडा म्हणताना नुसती हवाच गेली,
सगळे हसले, तीही.
मग वहीत बोट ठेवून म्हणाली,
"मार्गिटचे पडले होते का?"

दातांच्या डॉक्टरची वही,
आणि तेवढंच लिहिलेलं नाही.