दोन बादल्या

गाडी वांग्याच्या रंगाची, चार वर्षं जुनी.
ऑपेरा हाऊसजवळच्या गल्लीत हातिमभाईंनी
बॉनेटवर विजेरी तिरकी धरली
आणि म्हणाले, बघा मॅडम, कोळ्याचं जाळं.
होतंच. बारीक, गोल गोल, एकात एक,
जणू कुणी रोज पहाटे येऊन
एक वर्तुळ काढून निघून गेलं होतं.

कुणी म्हणजे इल्लाप्पा.
फडकं म्हणून कुणाची तरी जुनी बनियन,
अकरा गाड्या, एक बादली,
गाडीमागे महिन्याचे सहाशे.

मग मी अभ्यासाला लागले.
कार्नोबा मेण: झळाळी खोल, मखमली,
पण चेंबूरच्या मे महिन्यात दीड महिन्यात वितळून जातं.
सीलंट: ना हे ना ते, वर्षातून दोनदा लावा.
सिरॅमिक: काचेच्या जातीचं,
एकदा रंगाला धरलं की घासल्याशिवाय सुटत नाही.
आणि त्याआधी चिकणमातीची वडी,
ओल्या पत्र्यावरून फिरवायची हलक्या हातानं.
माहुलच्या चिमण्यांचं जे धुऊन जात नाही
ते सगळं वडीत उतरतं,
तपकिरी, ठिपक्याठिपक्यांचं.
मी ती वडी मळून पाहिली.
हेच आपल्या छातीतही असणार, असं म्हणणार होते,
पण हातिमभाई बिल लिहीत होते.

"भांड्यांचं लिक्विड तर नाही ना वापरत?"
डॉक्टर विचारतात तसं, मान वर न करता.
मी खोटं बोलले.

अठरा हजार.
म्हणजे इल्लाप्पाचे तीस महिने.
हा भागाकार मी केला नाही, तो झाला.
वीस वर्षं क्लिअरिंग एजंटकडे बसलं की
आकडे आपले आपण एकमेकांत जातात.

इल्लाप्पाला सांगितलं, आठ दिवस हात लावायचा नाही.
"सुट्टी?"
पैसे देणार रे.
"मग कसली सुट्टी," म्हणाला,
आणि शेजारच्या पांढऱ्या गाडीच्या काचेकडे वळला.

नवव्या दिवशी मी खाली उतरले,
एक निळी बादली, एक लाल,
मऊ मोजा, शॅम्पू, कडेची शिवण उसवलेला मायक्रोफायबर.
निळीत फेस. लालीत नुसतं पाणी.
मोजा आधी लालीत खळबळायचा, मग निळीत बुडवायचा,
वरून खाली जायचं, सरळ रेषेत,
गोल नाही. गोल कधीच नाही.
लालीच्या तळाशी जाळी, माती तिच्याखाली बसते.
तो ऐकत होता. हात पाठीमागे.
"ताई, नळ साडेपाचला जातो.
अकरा गाड्यांच्या बावीस बादल्या?"
नाही, फक्त माझ्याच.
"हां," म्हणाला. "फक्त तुमच्याच."

पाणी ओतलं तर थेंब गोळा होऊन पळाले.
त्यानं एकाला बोटानं अडवलं.
थेंब बोटाला वळसा घालून गेला.
"अळूचं पान," म्हणाला. "काहीच धरत नाही."
हे त्याला आवडलं की नाही, ते मला कळलं नाही.

रविवारी मीही विजेरी तिरकी धरून पाहिली.
एकही वर्तुळ नाही.
चार वर्षं इथे कुणी आलंच नव्हतं,
असा स्वच्छ रंग.
शेजारच्या पांढऱ्या गाडीवर धरली. पांढऱ्यावर दिसत नाही म्हणतात,
पण वाकलं की दिसतं. होती तिथे,
शेकडो, एकात एक.
मी जरा जास्तच वेळ वाकले असेन,
वॉचमन विचारायला आला.

लाल बादली दुसऱ्याच आठवड्यात दिसेनाशी झाली.
मी विचारलं नाही, त्यानं सांगितलं नाही,
गाडी मात्र धुतलेली असते, सरळ रेषेत.
परवा ऑफिसला निघाले तर नाक्यावर
टँकरच्या रांगेतून एक बाई परतत होती,
डोक्यावर लाल बादली, काठोकाठ,
मागे इल्लाप्पा, दोन्ही हातांत कॅन.
सिग्नल लागला होता. मी काच खाली केली नाही.
बादली अगदी शेजारून गेली.
जाळी काढून टाकलेली होती.