सात दिवसांची सवलत

तार्तू. फेब्रुवारी. विद्यापीठाचं तळघर.
बाहेर नदी गोठली आहे
आणि आत आम्ही पंखे लावून बसलोय.
चारशे बारा माणसं राहतात इथे,
म्हणजे त्यांची नावं राहतात.
प्रत्येकाला पन्नास जीबी
आणि वर पाच, चुकण्यासाठी.

पहिली रेघ ओलांडली तर मी काही करत नाही.
यंत्रच रात्री दोनला पत्र टाकतं:
प्रिय वापरकर्ता, सात दिवस.
दुसऱ्या रेघेवर मात्र भिंत.
तिथे वाक्य अर्ध्यात तुटतं,
फाइल उरते शून्य आकाराची,
नाव असलेली, आत काही नसलेली.

अंथरूण मीच शिवतो, पायही मीच मोजतो.
लोकांना वाटतं, माझ्याकडे कुठेतरी कपाटभर जागा आहे
आणि मी हात आखडता घेतोय.
भूगर्भवाले धुरावलेले मासे आणून देतात
वर्तमानपत्रात गुंडाळून.
मासे घेतो. रेघ हलवत नाही.
(एकदा हलवली होती. कुणाच्या तरी जावयासाठी.
तो विषय नको.)

मंगळवारी पिरेत आली.
करकोच्यांच्या वाटांचे नकाशे, प्रबंध सोमवारी,
चोपन्न पूर्णांक आठ, सवलतीचा सहावा दिवस.
रडली नाही. माझ्या समोरच्या खुर्चीत बसून
खोडायला लागली:
शेवटचा मसुदा, शेवटचा दोन,
खरंच शेवटचा, खरंच शेवटचा नवीन.
मग मान वर न करता म्हणाली,
जे गेले, त्यांचा वाटा कोणाला मिळतो?

असा प्रश्न कोणी विचारत नाही.
मी यादी उघडली.
हेल्दुर सारापू, जलशास्त्र. नोव्हेंबरात गेले.
घर रिकामं. शेवटच्या आठवड्यात
स्वतःच झाडून पुसून ठेवलेलं,
एक चिठ्ठीसुद्धा नाही.
आणि हिशेबात तरीही एक्केचाळीस जीबी.

दोनदा मोजलं. पिरेतनेही मोजलं.

मग सापडलं. चौथ्या यंत्रावर
त्यांचा एक प्रोग्राम अजून चालू होता.
पुलाखाली, बर्फाच्या खाली, एक मायक्रोफोन;
तो ऐकतो, हा लिहून घेतो,
ज्या फाइलीत लिहितो ती हेल्दुरने कधीच पुसलेली.
नाव गेलं, पण धरलेला हात सुटला नाही,
आणि हात सुटेपर्यंत जागा मोकळी होत नाही.
हा यंत्राचा नियम आहे. मी केलेला नाही.

प्रोग्राम थांबवला की सगळं संपणार.
एक कळ. त्यासाठीच तर मला पगार मिळतो.

चालत्या प्रोग्रामच्या पोटातून
पुसलेल्या फाइलीकडे एक बारीक वाट असते,
फारशी कोणाला ठाऊक नसते.
पिरेत कॉफी आणायला गेली तेव्हा
मी त्या वाटेने सगळं उचललं
आणि माझ्या घरात आणून ठेवलं.
मग कळ दाबली.
हेल्दुरचे पन्नास पिरेतच्या नावावर केले.
रेघ हलवली. दुसऱ्यांदा.

अकरा मिनिटं ऐकलंय आतापर्यंत.
बहुतेक काहीच नाही.
पुलावरून एक ट्रक. मग काहीच नाही.
मग दूरवर कुठेतरी कपाट सरकवल्यासारखं,
तो बर्फ असावा. हेल्दुरला कळलं असतं.

माझे आधीचे बारा, हे एक्केचाळीस.
रात्री दोनला पत्र आलं,
मीच लिहिलेलं, सहा वर्षांपूर्वी,
एका कंटाळवाण्या दुपारी:
प्रिय काउपो, सात दिवस.
इतकं कोरडं लिहायला नको होतं.

आज पाचवा.
जुन्या सुट्टीचे फोटो काढून टाकले,
अजून दीड जीबी हवंय.
मायक्रोफोन पाण्याखालीच आहे.
त्याला कोणी सांगितलेलं नाही.