माल आत आहे

सोहारच्या इस्पितळात, दुसऱ्या मजल्यावर,
बुशरा मला पंधरा शब्द वाचून दाखवते.
हिंदीत. मराठी यादी तिच्याकडे नाही,
माझी अरबी गोदामापुरती,
आणि तिची हिंदी बलुची घरातली, 'ख'वर जरा जोर देणारी.

सेकंदाला एक.
कैंची, आँगन, प्याज, नमक, सीढी...
मी ऐकत जातो, आणि आत कुणीतरी
न विचारता पोती बदलून ठेवतं.

आता सांगा. क्रम चुकला तरी चालेल.
कात्री, म्हणतो मी. अंगण. कांदा.
तिचं पेन थांबतं.
कांदा तिच्या कागदावर नाही.

एकोणीस वर्षं बंदरावरच्या स्टोअरमध्ये
गॅस्केटचे, व्हॉल्व्हचे नंबर तोंडपाठ.
फोरमन फोनवर अर्धाच आकडा बोलायचा
की मी रॅक सांगायचो.
आता पंधरातले सहा.
पुन्हा वाचलं, सात.
पाचव्यांदा वाचलं, तरी सातच,
पण तेच सात नव्हेत.

मध्येच मी 'सुई' म्हणालो.
सुई यादीत नव्हती.
ती आमच्या फ्रिजमध्ये असते, दुधाशेजारी,
सोमवार बुधवार शुक्रवारची.

मग वीस मिनिटं आकृत्या काढल्या.
मग पुन्हा, न वाचता: पाच.
मग ती एकेक शब्द समोर ठेवत गेली,
हा होता? होता. हा? नव्हता.
एकही चुकला नाही.
म्हणजे माल आत आलेला आहे, मी म्हणालो,
रॅक सापडत नाही.
ती हसली नाही. लिहून घेतलं तिनं.

निघताना विचारलं, कांदा म्हणजे काय?
प्याज.
बसल, ती स्वतःशीच पुटपुटली,
आणि मागची पानं उलटून फुल्या खोडत बसली.
पाचाचे सात झाले.
सात म्हणजे चांगले का, ते मी विचारलं नाही.

बाहेर शेहेचाळीस अंश.
पार्किंगपर्यंत जाताजाता डावा डोळा धुरकटला,
पाय कुणाचे तरी उसने आणल्यासारखे.
गाडीत एसी लावून बसून राहिलो,
डोळा परत येईपर्यंत.
त्याच्या आधी शब्द आला.

तेवढ्यात हेमांगीचा फोन: काय म्हणाल्या?
चाळणी, म्हणालो मी.
आणायची आहे का? पिठाची की रव्याची?

छलनी, एवढंच वाचलं होतं बुशरानं.
कसली, ते यादीत नव्हतं.